चित्रामागचें नांव

जुन्या वळणाच्या बहुतेक घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर छायाचित्रांची एक ओळ असते. ती आमच्याहि घरीं आहे. तींत एक मोठें चित्र सगळ्या कुटुंबाचें आहे. वाड्याच्या चौकांत सतरंजी अंथरलेली, वडीलधारे पुरुष पगड्या घालून खुर्च्यांवर बसलेले, बायका मागें उभ्या, मुलें पुढें मांडी घालून. एकूण माणसें चौदा. त्यांपैकीं तेराजणांचीं नातीं आम्हांस सांगतां येतात. उजव्या टोकाला कडेवर मूल घेऊन उभी असलेली बाई कोण, हें मात्र आतां घरांत कोणासच ठाऊक नाहीं. ज्यांना ठाऊक होतें त्या आजीबाई गेल्या, आणि त्यांच्याबरोबर तें नांवहि गेलें. तिन्हीसांजा दिवा लावतांना तो चेहरा रोज दृष्टीस पडतो. चेहरा आम्हांस पाठ आहे. माणूस मात्र हरवलें आहे.

हें शल्य आमच्या घरापुरतें लहान आहे. पण त्यावरून एक मोठा प्रश्न मनांत येतो. आजवर जगांत असंख्य छायाचित्रें घेतलीं गेलीं. त्यांतील मोजकींच लोकांच्या मनांत घर करून राहिलीं. तीं कां राहिलीं? आणि तीं राहिलीं म्हणून त्यांतील माणसेंहि राहिलीं, असें म्हणतां येईल काय?

ह्या प्रश्नाची खरी कसोटी पाहणारें एक चित्र अमेरिकेंतील आहे. सन १९३६ चा तो आरंभ होता. आर्थिक मंदीनें त्या देशांत हाहाकार उडविला होता. अवर्षणानें आणि धुळीच्या वादळांनीं शेतें उजाड झालीं होतीं, आणि हजारों कुटुंबें मोडक्या मोटारींत संसार भरून मजुरीच्या शोधांत कॅलिफोर्नियाकडे चाललीं होतीं. डोरोथिया लँग ह्या बाई एका सरकारी खात्यातर्फे अशा लोकांचीं छायाचित्रें घेत फिरत असत. दौरा आटोपून घरीं परततांना निपोमो गांवाजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी त्यांना दिसली. त्या न थांबतां पुढें गेल्या. परंतु वीस मैल गेल्यावर मनाला चैन पडेना, म्हणून त्यांनीं गाडी मागें वळविली.

थंडीनें पीक गारठून गेल्यामुळें तळावर काम नव्हतें आणि अन्नहि नव्हतें. एका फाटक्या तंबूंत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. लँगबाईंनीं सुमारें दहा मिनिटांत कांहीं चित्रें घेतलीं. त्यांतील एकानें पुढें जग जिंकलें. त्यांत ती माता आहे, तिच्या दोन्ही खांद्यांवर तोंड लपविलेलीं दोन मुलें आहेत, आणि मांडीवर तान्हें मूल आहे. तिचा हात गालापाशीं टेकला आहे. ती आपल्याकडे पाहत नाहीं. दूर कोठें तरी तिची दृष्टि लागली आहे.

ह्या चित्रांत नासलेलें पीक दिसत नाहीं, रिकामीं भांडीं दिसत नाहींत. मुलांचे चेहरेसुद्धां दिसत नाहींत. जें कांहीं आहे तें सर्व त्या एका नजरेंत साठलें आहे. उद्यां मुलांना काय घालूं, हा तिचा प्रश्न कोणत्याहि देशांतील आईला दुभाष्यावांचून समजतो. चित्रानें थोडें दाखविलें आणि उरलेलें पाहणाऱ्यावर सोंपविलें. जें आपण स्वतः मनानें पुरें करतों तें सहसा विसरत नाहीं. मनांत ठसणाऱ्या चित्रांचें पहिलें मर्म आम्हांस येथें दिसतें.

चित्रें सान फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतांच त्या तळावर वीस हजार पौंड अन्नसामग्री धाडण्यांत आली. परंतु तोंवर ती बाई मुलांना घेऊन पुढें निघून गेली होती. तिनें आपलें वय बत्तीस सांगितलें होतें. तिचें नांव मात्र लँगबाईंनीं विचारलें नव्हतें. पुढें बेचाळीस वर्षें ती पुस्तकांत आणि प्रदर्शनांत केवळ ‘स्थलांतरित माता’ म्हणून वावरली. सन १९७८ मध्यें एका स्थानिक वृत्तपत्रामुळें तिचें नांव जगाला कळलें. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. चेरोकी ह्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं एका जमातीची. शेतमजुरी करून आणि मिळेल तें काम पत्करून तिनें मुलें वाढविलीं होतीं. त्या जगप्रसिद्ध चित्राचा तिला अभिमान वाटत नसे, रागच येई. त्यापासून आपणांस कांहीं मिळालें नाहीं, आपलें नांवसुद्धां कोणीं विचारलें नाहीं, तें चित्र काढलेंच नसतें तर बरें झालें असतें, असें तिनें बोलून दाखविलें. अन्नासाठीं ह्या कुटुंबानें मोटारीचे टायर विकले, असें लँगबाईंनीं लिहून ठेवलें होतें. तसें घडलेंच नाहीं, असें तिच्या मुलांनीं सांगितलें.

सन १९८३ मध्यें ती आजारानें अंथरुणाला खिळली, तेव्हां मुलांनीं मदतीची हांक दिली, आणि अनोळखी लोकांनीं पस्तीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली. त्याच वर्षीं ती वारली. त्या चित्रानें तिच्यासारख्या हजारोंचें दुःख राष्ट्रापुढें मांडलें, हें खरें. तिला स्वतःला चाळीस वर्षें निनांवी ठेवलें, हेंहि तितकेंच खरें. पहिल्या गोष्टीच्या पुण्याईनें दुसरी पुसली जाते, असें म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं.

दुसरें चित्र आपल्या पुण्यांतलें. सन १९४६ मध्यें ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गरेट बर्क-व्हाइट ह्या गांधीजींचें छायाचित्र घेण्यास आल्या. आधीं चरखा चालविण्यास शिका, मग चित्र घ्या, अशी अट गांधीजींच्या परिवारांतील मंडळींनीं त्यांना घातली, आणि त्यांनीं ती मान्य केली. त्या चित्रांत चरखा पुढें आहे आणि गांधीजी त्याच्या मागें आहेत. चरखा स्थिर आहे. गांधीजी सूत कातीत नसून कांहीं वाचीत बसले आहेत. साप्ताहिकानें प्रथम ह्या चित्राला फारसें महत्त्व दिलें नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा वध झाल्यावर मात्र तेंच चित्र ठळकपणें छापलें गेलें, आणि मग जगभर गेलें. चित्रांतील एक रेघहि बदलली नव्हती. पाहणारे बदलले होते. थांबलेला चरखा काल नुसता थांबलेला होता, आज तो कातणाऱ्याची वाट पाहत होता. पुढें घडलेल्या गोष्टी मागच्या चित्रांत शिरून बसतात, हें अशा चित्रांचें दुसरें मर्म.

तिसरें चित्र ह्या दोहोंहून जुनें, आणि आमच्या मतें मराठी घरांनीं सर्वांत जवळचें मानावें असें आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील तीन विद्यार्थिनींनीं आपापल्या देशाचा पोशाख करून एकत्र छायाचित्र घेतलें. डावीकडे आपल्या आनंदीबाई जोशी, मध्यें जपानच्या केइ ओकामी, उजवीकडे दमास्कसच्या साबात इस्लामबुली. तिघींच्या मुद्रा शांत आहेत. आनंदीबाईंचें वय त्या वेळीं वीस वर्षांचें.

चित्रांतील आनंदीबाईंना जें ठाऊक नाहीं तें आपणांस ठाऊक आहे, म्हणूनच त्यांच्याकडे फार वेळ पाहवत नाहीं. पांच महिन्यांनीं, ११ मार्च १८८६ रोजीं, त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानांतील रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु क्षयानें पोखरलेलें शरीर घेऊनच त्या मायदेशीं परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. त्यांच्या अस्थि अमेरिकेंतील कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आल्या, आणि त्यांनीं त्या न्यूयॉर्क राज्यांत पोकिप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविल्या. ओकामीबाई सन १८८९ मध्यें पदवीधर झाल्या आणि टोकियोला जाऊन त्यांनीं वैद्यकी केली. इस्लामबुलीबाईंना सन १८९० मध्यें पदवी मिळाली.

तीन निरनिराळ्या देशांतील ह्या तिघींच्या आयुष्याचा माग आज कसा लागतो? त्याचें एक कारण अगदीं साधें आहे. त्या चित्राखालीं तिघींचीं नांवें आणि प्रत्येकीचें गांव व देश छापलेले आहेत. तेवढी एक ओळ नसती, तर आज त्या तीन परक्या पोशाखांतल्या अनोळखी मुली झाल्या असत्या, आणि फ्लॉरेन्सबाईंप्रमाणें दुसऱ्याच्या कल्पनेचें ओझें त्यांनाहि वाहावें लागलें असतें. चित्र चेहरा राखतें. माणूस राखण्याचें काम अक्षरांना करावें लागतें.

म्हणून वाचकांस, आणि विशेषतः घरांतील तरुण मंडळीस, आमची एक विनंती आहे. सुटीच्या एखाद्या दिवशीं भिंतीवरचीं आणि ट्रंकेंतलीं छायाचित्रें खालीं काढावीं. वडीलधाऱ्या माणसांना जवळ बसवून विचारावें. चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें, डावीकडून उजवीकडे क्रमानें नांवें, साल आणि प्रसंग लिहावा. शाई कागदांतून उतरते, म्हणून टांक वापरूं नये. पुरुषांचीं नांवें चटकन् मिळतील. बायका मात्र ‘मोठ्या काकू’, ‘अमक्याची आई’ एवढ्याच ओळखीनें निघतील. तेथें थांबूं नये. सासरचें नांव लिहावें, आणि माहेरचेंहि लिहावें. आनंदीबाईसुद्धां माहेरच्या यमुनाच होत्या.

आम्हीं हें काम परवांच केलें. चौकांतल्या त्या चित्राच्या पाठीवर तेरा नांवें लिहिलीं. त्यांतील दोन काकूंचीं माहेरचीं नांवें शोधण्यास चार पत्रें धाडावीं लागलीं. चौदाव्या ठिकाणीं ‘कडेवर मूल घेतलेली’ एवढेंच लिहून पुढें जागा कोरी सोडली आहे. कोणा नातलगाच्या ट्रंकेंत ह्याच चित्राची दुसरी प्रत असेल आणि तिच्या पाठीवर कोणीं चार अक्षरें लिहिलीं असतील, तर ती जागा भरतां येईल.