अलाइनर आणि सकाळचं तोंड

दात सरळ करणारे पारदर्शक अलाइनर दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात ठेवायचे असतात, म्हणजे रात्रभरही. घोळ तिथेच होतो. झोपेत लाळ फारच कमी सुटते आणि जी सुटते तीही प्लास्टिकमुळे दातांवरून नीट फिरत नाही. त्यात एखादा अन्नकण आत अडकला, की जिवाणूंना रान मोकळं. ते गंधकयुक्त वायू सोडतात. सकाळचा वास त्यांचाच. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांचे हाल जास्त. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं.

रात्री दात घासा, फ्लॉस फिरवा, जीभ मागपर्यंत खरवडा. अलाइनरची ट्रे मात्र टूथपेस्टने घासू नका. बारीक ओरखडे पडतात आणि घाण त्यांतच धरते. मऊ ब्रश, सौम्य लिक्विड सोप आणि गार पाणी पुरे. गरम पाण्याने ट्रेचा आकार बिघडतो. सकाळी दात लख्ख घासून तीच पारोशी ट्रे पुन्हा चढवणारे महाभाग काही कमी नाहीत!

ट्रे घातलेली असताना प्यायचं ते फक्त साधं पाणी, तेही घोटघोट, वरचेवर. चहा ट्रे काढूनच घ्यावा, मग खळखळून चूळ भरावी. माउथवॉश अल्कोहोलविरहित निवडा. लाळ सुटावी म्हणून शुगरफ्री च्युइंगगम चालतं, पण ट्रे बाहेर असतानाच. एवढं करूनही कोरड हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. कधी कधी मुळाशी मधुमेह असतो.