सहा व्होल्टच्या गाडीला आरपीएम मीटर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आरपीएम मीटर कुणाला नवा नाही. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय, हे बोटीचा तांडेल त्यावरच बघतो. मग दारात जुनी विलीज जीप किंवा शेवरोलेट उभी असली, की तिलाही असा मीटर लावावासा वाटणारच. फक्त बोटीचा मीटर उचलून गाडीला लावू नका. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे तो मीटर बहुधा आल्टरनेटरवरून आकडा काढतो. आपल्या पेट्रोल गाडीत मोजायच्या असतात त्या ठिणग्या.

दुसरी अडचण व्होल्टची. महायुद्धातली विलीज सहा व्होल्टची. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये कारखाना काढला. तिथे जोडलेल्या जुन्या शेवरोलेटही सहाच्याच, कारण कंपनीने बारा व्होल्ट घेतले ते १९५५ च्या मॉडेलपासून. आज दुकानात मिळणारा मीटर मात्र बाराचा. तो थेट सहावर जोडला तर काटा हलत नाही, किंवा हलतो आणि खोटं सांगतो. दुसरा प्रकार जास्त वाईट.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची कोणती तार बॉडीला जोडली आहे ते आपण पाहावं. विलीजमध्ये ऋण टोक बॉडीला असतं. १९५५ पर्यंतच्या अमेरिकन फोर्डमध्ये उलट, धन टोक. पुढची कृती ऋण बॉडीवाल्या गाडीसाठीच आहे. धनवाल्या गाडीत मीटरचं धातूचं घर बॉडीला टेकलं तरी शॉर्ट होऊ शकतो. तिथे स्वतःच्या सेलवर चालणारा, प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर बरा. खरं तर नुसतं ट्यूनिंग करायचं असेल, तर कुठल्याही गाडीला मी तोच सुचवीन.

आता बारा व्होल्ट आणायचे. त्यासाठी व्होल्ट वाढवणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. मीटर जोडण्याआधी त्यावरचा स्क्रू फिरवून मल्टीमीटरवर बारा व्होल्ट आले की नाही ते बघा. नवा कन्व्हर्टर कुठल्या आकड्यावर ठेवलेला असेल याचा भरवसा नाही, आणि आधी मीटर जोडून मग स्क्रू फिरवणाऱ्यांचे मीटर जळतात. बंदराजवळ कन्व्हर्टरची उघडी सर्किट पाटी टिकत नाही. तिला वॉर्निश मारून बंद डबीत ठेवा.

कन्व्हर्टरची धन वायर इग्निशन स्विचनंतर, मध्ये एक अँपियरचा फ्यूज घालून घ्या. ऋण वायर बॉडीला. इथेच निम्मी कामं फसतात. खाऱ्या वाऱ्याने वायरीच्या टोकाच्या तांब्याच्या लगवर हिरवा कळंक चढतो, खालचा पत्रा गंजतो, आणि बोल्ट घट्ट असूनही जोड कच्चा राहतो. बारा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट वाया गेला तर चार टक्के जातात, सहामध्ये आठ. म्हणून पत्रा चकाकेपर्यंत घासा, लगला डाख द्या, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

सिग्नलची वायर इग्निशन कॉइलवर जाते. कॉइलला दोन बारीक टोकं असतात: एक स्विचकडून येणारं, दुसरं डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्याकडे जाणारं. आपल्याला दुसरं हवं. ही वायर पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट घालायलाच हवा. वायर सोलून बॉडीला टेकली की ठिणगी बंद, आणि गाडी भाट्याच्या पुलावर मधोमध उभी. प्लगच्या जाड वायरींपासूनही तिला लांब ठेवा.

मीटरमागे ४, ६, ८ असा सिलिंडरचा स्विच असतो. चार सिलिंडरच्या जीपला तो आठवर राहिला, तर मीटर निम्मेच फेरे दाखवतो. मीटरमधला दिवाही बाराचा असतो. तो कन्व्हर्टरवरून घ्या किंवा सहाचा बल्ब घाला.

आकडा खरा की खोटा, हे घरच्या विजेवर तपासता येतं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन ठिणग्या देतं, म्हणजे १५०० फेऱ्यांना सेकंदाला ५०. आपली वीजही ५० हर्ट्झची. बारा व्होल्ट एसी देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. मोबाइलचा चार्जर चालत नाही, तो डीसी देतो. सिग्नलची वायर गाडीपासून सोडवून ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकाला आणि मीटरची ऋण वायर दुसऱ्या टोकाला लावा. काटा १५०० वर यावा. सहा सिलिंडरच्या शेवरोलेटसाठी, स्विच सहावर ठेवून, १००० वर. भिंतीतल्या २३० व्होल्टशी मीटरचा थेट संबंध येता कामा नये.

मग इंजिन गरम करून बघा. विलीजचं आयडलिंग सहाशेच्या आसपास असावं. काटा थरथरत असेल तर लगेच मीटर बदलू नका. आधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट जळलेत का आणि कंडेन्सरचा जोड सैल आहे का ते पाहा.