कल्चर स्वच्छ, कळ तशीच

लघवीत पस सेल्स नाहीत, कल्चरमध्ये जंतू नाहीत, सोनोग्राफीत खडा नाही. ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून फाइल हातात येते आणि बाई नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला रिक्षा शोधण्याआधी बाथरूम शोधते. मूत्राशय भरत आलं की ओटीपोटात कळ, रिकामं केलं की घटकाभर आराम, की पुन्हा तेच. आधी उन्हाळी लागली म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी होतं, मग अँटिबायोटिकचे कोर्स होतात. शेवटी कुणीतरी म्हणतंच, ‘मनाला लावून घेतेस.’

या आजाराला इंटरस्टिशिअल सिस्टायटिस म्हणतात. मूत्राशयाच्या दुखण्याची दखल आपल्याकडे जुनीच आहे. नाशिकमधल्याच म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाखाली अ‍ॅलोपॅथी आणि आयुर्वेद दोन्ही शिकवले जातात. त्यातल्या आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात हृदय आणि मस्तकाच्या जोडीला बस्ती, म्हणजे मूत्राशय, हे तिसरं मोठं मर्म भेटतं, शिवाय बस्तीचे तेरा विकार. म्हणून चरकाला हाच आजार ठाऊक होता असं म्हणणं ओढूनताणून होईल. मूत्राशयाच्या दुखण्याला त्या ग्रंथाने मान दिला, एवढं मात्र खरं.

पाश्चात्त्य वैद्यकात 1808 साली फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिजिक यांनी खडा नसताना खड्यासारखीच लक्षणं असलेल्या दुखण्याचं वर्णन केलं. आजचं नाव 1887मध्ये अलेक्झांडर स्कीन यांनी रूढ केलं. गाडी अडली ती पुढे. बाल्टिमोरचे गाय हनर यांनी 1915मध्ये दुर्बिणीतून दिसलेल्या ‘व्रणा’वर लेख लिहिला आणि डॉक्टर व्रणच शोधू लागले. तो थोड्यांनाच असतो. ज्यांना नव्हता, त्यांचं दुखणं मनाच्या खात्यावर गेलं, तेही पाठ्यपुस्तकांच्या साक्षीने.

आजाराचं कारण डोळ्यांना दिसलं की काम किती सोपं होतं, हे आपल्या रत्नागिरीतल्या गिमवीत कळलं होतं. 1952मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी तिथल्या मूत्रमार्गाच्या आजारामागे शिस्टोसोमा हा कृमी असल्याचं दाखवलं. त्याची अंडी रुग्णाच्या लघवीतच सापडतात. इंटरस्टिशिअल सिस्टायटिसमध्ये तसं बोट ठेवायला काही नव्हतं.

चाक फिरवलं ते रुग्णांनी. अमेरिकेत विकी रॅटनर वैद्यकीय शिक्षण घेतानाच आजारी पडल्या, अनेक डॉक्टर करून थकल्या आणि अखेर ग्रंथालयात बसून त्यांनी स्वतःच निदान शोधलं. 1984मध्ये त्यांनी रुग्णांची संघटना काढली. 1987मध्ये तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने निकष ठरवले, पण ते संशोधनापुरते असूनही दवाखान्यात वापरले गेले आणि बरेच रुग्ण त्या चाळणीतून गळले. आता दुखण्याची नोंद आणि इतर कारणं वगळणं यावर निदानाचा भर असतो.

मूत्राशयाच्या आतल्या संरक्षक थराला झिरप लागते, हा एक अंदाज. नसा अतिसंवेदनशील होतात, हा दुसरा. त्या थरासाठीची पेंटोसॅनची गोळी अमेरिकेत 1996मध्ये मंजूर झाली. तिचा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, हे 2018मध्ये पुढे आलं, म्हणून ती घेताना डोळे तपासून घ्यायचे. उपचारांची सुरुवात मात्र साधीच असते: लघवीची वेळ, माप आणि कळ लिहून ठेवणारी डायरी, आणि खाण्यातलं काय बाधतं त्याचा शोध. नाशिककराला मिसळ आणि चहा सोडायला सांगणं डॉक्टरच्याही जिवावर येत असेल. पण सगळं एकदम सोडायचं नसतंच. एकेक पदार्थ काही दिवस बंद करायचा, पुन्हा खाऊन पाहायचा. कुणाला टोमॅटो नडतो, कुणाला संत्रं, कुणाला यातलं काहीच नाही.