बोअरच्या घराला जनरेटर किती मोठा?

जनवाड्यासारख्या गावात जेस्कॉम या वीज कंपनीची वीज गेली की बोअरही थांबते. जनरेटर घेण्याआधी हा हिशेब करा :

● १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. पण मोटर वाया घालवते तेही धरून १ एचपीचा पंप सुमारे १,१०० वॅट ओढतो.
● सुरू होताना तिप्पट धरा : ३,३०० वॅट.
● पंखे, दिवे ३०० आणि फ्रिज १५०. एकूण ३,७५० वॅट.
● ०.८ पॉवर फॅक्टरला ५ केव्हीए म्हणजे ४,००० वॅट. म्हणून ५ केव्हीए पुरतो.
● आधी पंप, मग फ्रिज सुरू करा.
● चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर उलटी वीज तारेत जाऊन लाइनमनचा जीव जाईल.
● जनरेटर घराबाहेरच ठेवा. त्याचा धूर विषारी असतो.