शिडीवरून पडलेला रुग्ण

दिवाळीपूर्वी रंगकामाचा हंगाम सुरू झाला की आमच्या अस्थिरोग विभागात शिडीवरून पडलेले रुग्ण येऊ लागतात. रंगारी, वायरमन, दुकानांचे फलक लावणारे असे हे रोजंदारीचे लोक. दहा-बारा फुटांवर शिडी सरकते आणि माणूस पायांवर आदळतो. ‘डोक्याला लागले नाही, थोडक्यात वाचला,’ असे म्हणत सोबतचे लोक त्यास रिक्षातून आणतात. हा दिलासा पुष्कळदा फसवा ठरतो.

उभ्याने पडताना सारा आघात प्रथम टाचेच्या हाडावर येतो. या हाडाचे कवच पातळ व आतील भाग जाळीदार असल्याने ते चुरडते. तोच आघात पुढे पायांतून कण्यापर्यंत पोहोचतो. अशा प्रकारे टाच मोडलेल्या दर दहा रुग्णांमागे साधारण एकाच्या कमरेचा मणकाही मोडलेला असतो. मात्र टाचेच्या वेदनेपुढे पाठीचे दुखणे झाकून जाते. म्हणून रुग्ण पायाची तक्रार घेऊन आला, तरी आम्ही त्याची पाठही तपासतो.

खरा धोका असतो तो त्यास उचलताना. काखेत आणि गुडघ्यांखाली धरून उचलल्यास कणा वाकतो, मोडका मणका सरकून मज्जातंतूंना इजा होऊ शकते आणि पाय कायमचे लुळे पडू शकतात. रुग्णास जागीच निजवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हलविणे अगदी भागच पडले, तर चौघांनी मान व पाठ एका रेषेत ठेवून सपाट फळीवर घ्यावे.

टाचेची शस्त्रक्रिया बहुधा लगेच करता येत नाही. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसू लागेपर्यंत, म्हणजे एक-दोन आठवडे, थांबावे लागते; घाई केल्यास जखम चिघळते. नातेवाईकांना ही दिरंगाई वाटते, व त्यांचा रोष आम्ही समजू शकतो. त्यानंतरही दोन-तीन महिने पायावर भार देता येत नाही, आणि तेवढा काळ घरी मजुरी येत नाही. कामावरील अपघाताची भरपाई मालकाने देण्याचे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. पण ज्याचा मालक रोज बदलतो, त्याने ती कोणाकडे मागावी? अशा वेळी देणगीदारांच्या साहाय्याचे मोल आम्हास विशेष जाणवते.

शिडी चार फूट उंच टेकवायची तर तिचा पाया भिंतीपासून एक फूट दूर असावा, एवढे साधे प्रमाणही कामावर क्वचितच पाळले जाते.

घरी जाताना बहुतेक रुग्ण एकच प्रश्न विचारतात: पुन्हा शिडीवर कधी चढता येईल? टाच जुळली तरी उंचसखल जागी चालताना अनेकांना कायमचा त्रास राहतो. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हास जड जाते.