सुपारी दिली, पण कोणाला?

(बी. ए. तृतीय वर्ष)

‘सुपारी’ हा शब्द उच्चारला की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे गुंड उभे राहतात. चित्रपटांनी या गरीब शब्दाची फार बदनामी केली. वास्तविक आपल्या खेड्यापाड्यांत सुपारी म्हणजे दिलेला शब्द. सोयरीक जमली की सुपारी फुटते आणि यात्रेचा तमाशा ठरला की फडाला सुपारी दिली जाते. हा शब्द देणारे गाव एकीकडे आणि घेणारा फड दुसरीकडे, दोघांच्या मध्ये शेदोनशे कोसांचे अंतर. हे अंतर तोडून देणारा जो मध्यस्थ, त्याला कोणी दलाल म्हणतात, कोणी एजंट. त्याच्यामार्फत कार्यक्रम ठरवावा की न ठरवावा, आणि ठरविल्यास कोणती काळजी घ्यावी, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. मी काही या विषयातला जाणकार नव्हे. परंतु ठेच लागलेल्या माणसाला त्या दगडाची ओळख इतरांपेक्षा थोडी अधिक असते, एवढाच माझा अधिकार.

माझे गाव खामगाव तालुक्यातले. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात यात्रांना तोटा नाही. होळीला सैलानी, दसऱ्याच्या सुमारास देऊळगाव राजाचा बालाजी, आणि चैत्र लागला की गावोगावच्या लहान यात्रा. आमची यात्रा हनुमान जयंतीची. माझे मोठे काका यात्रा कमिटीचे खजिनदार, आणि मी ‘शिकलेला’ म्हणून जमाखर्चाची वही माझ्याकडे. २०२४ साली घरोघर फिरून वर्गणी गोळा केली. ज्यांना रोख जमली नाही त्यांनी तूर दिली. कीर्तन तर दरवर्षी होतेच, या खेपेस मोठा तमाशा आणायचा असे सर्वानुमते ठरले.

तालुक्याच्या गावी एक गृहस्थ कार्यक्रम ठरवून देत असत. त्यांच्या खोलीत भिंतभर रंगीत फलक लावलेले होते. ऑर्केस्ट्रा, लावणी, भारूड, कीर्तनकार, सगळे एकाच भिंतीवर नांदत होते. एका नामांकित फडाच्या फलकावर काकांनी बोट ठेवले. नव्वद हजारांत सौदा ठरला, तीस हजार इसार दिला. त्या गृहस्थांनी शिक्का मारून पावती दिली. पावतीवर फडाचे नाव होते, तिथी होती, रक्कम होती. फडाच्या माणसाची सही मात्र नव्हती, आणि ती नाही हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

२३ एप्रिलचा तो दिवस माझ्या चांगला स्मरणात आहे. दुपारपर्यंत मंडप उभा राहिला, माहेरवाशिणी आल्या, खेळणीवाले आणि रेवडीवाले बसले. चार वाजले तरी फडाची गाडी नाही. फोन केला तर उत्तर आले, “गाडी निघाली आहे.” सहा वाजता पुन्हा तेच उत्तर. आठ वाजता फोन बंद. नऊच्या सुमारास काका रिकाम्या मंचावर चढले आणि त्यांनी गावापुढे हात जोडले. त्यांना शब्द फुटेना. तेव्हा आमचे भजनी मंडळ आपण होऊन पुढे सरसावले व त्याने दहा वाजेपर्यंत वेळ मारून नेली. गावाने काकांना एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर कदाचित त्यांना बरे वाटले असते. भाव वाढेल म्हणून घरात राखलेला कापूस त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात विकला आणि तीस हजार कमिटीच्या खात्यात भरले. त्या गृहस्थांकडून आजवर दहा हजार परत आले आहेत.

पुढच्या वर्षी काका म्हणाले, “आता मधी कोणी नाही पाह्यजे. आपणच जाऊ.” म्हणून २०२५ च्या पाडव्याला आम्ही चौघे जीप करून निघालो आणि चिखली, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, आळेफाटा असा प्रवास करीत पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील नारायणगावला पोहोचलो.

तमाशाची पंढरी म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. कै. विठाबाई नारायणगावकर याच गावच्या. त्यांच्या निधनानंतर महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चैत्राच्या सुमारास येथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या ओळीने लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत टेबल, आणि टेबलावर फडाच्या व्यवस्थापकाची डायरी. गावोगावचे पंच या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, भाव विचारतात, उठून जातात, परत येतात. आपल्याकडचा बैलबाजार ज्याने पाहिला आहे त्याला हे दृश्य परके वाटणार नाही.

भाव कसा ठरतो हे तेथे समजले. पहिली गोष्ट तिथीची. चैत्रातली अष्टमी, पौर्णिमा या दिवशी असंख्य गावांच्या यात्रा एकदमच असतात, म्हणून त्या तारखांचा भाव चढा, आणि आडदिवशी तोच फड कमी रकमेत येतो. दुसरी गोष्ट अंतराची. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे, शिवाय मंच, दिवे, ध्वनिक्षेपक, स्वयंपाकाचे सामान. एवढा संसार मालमोटारींवर लादून रोज नव्या गावी न्यायचा. आदल्या रात्रीचे गाव आणि दुसऱ्या रात्रीचे गाव जवळ असेल तर परवडते, एकट्या गावासाठी बुलडाण्यापर्यंत येणे परवडत नाही. तिसरी गोष्ट वेळेची. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे उघड्या मैदानावरचा कार्यक्रम रात्री दहाला आवरावा लागतो. मोजक्या ठरावीक दिवशी तेवढी बारापर्यंत सवलत मिळते. गण, गौळण, बतावणी होऊन वग रंगात यावा तोच वेळ संपते. तेव्हा फड किती वाजता उभा राहणार हे आधीच ठरवून घ्यावे लागते.

ज्या फडाच्या नावाने आम्ही फसलो होतो त्याचीही राहुटी तेथे होती. काकांचा चेहरा तांबडा झाला. परंतु व्यवस्थापकाने शांतपणे मागच्या वर्षीची डायरी काढून पुढे केली. पौर्णिमेच्या पानावर आमच्या गावाचे नाव पेन्सिलीने लिहिलेले होते आणि ते खोडलेले होते. त्या गृहस्थांनी तारीख धरून ठेवण्यास सांगितले होते, इसार आठवड्यात पाठवतो म्हटले होते. इसार गेलाच नाही. “तुमची वाट पाहून ती तारीख शेवटी आम्ही पडत्या भावात दिली,” व्यवस्थापक म्हणाले, “तुमचे गाव उपाशी राहिले, तसे आमचेही नुकसान झाले.”

तोपर्यंत मी समजत होतो की बुडालो ते आम्हीच. मग त्यांनी मला सगळी साखळी समजावून सांगितली. हंगाम सुरू होण्याआधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतात. पावसाळ्याचे रिकामे महिने त्यांना याच पैशावर काढायचे असतात. ही उचल देण्यासाठी मालक व्याजाने कर्ज काढतो आणि चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्यांवर ते फेडतो. म्हणजे गावाने दिलेला इसार सोंगाड्याच्या, ढोलकीवाल्याच्या, नाचणाऱ्या बाईच्या चुलीपर्यंत जातो. मध्ये तो कोणी अडविला की शेवटच्या चुलीला चटका बसतो. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि नेमकी त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. ऐन हंगामात यात्रा बंद, सुपाऱ्या बंद. उचल मात्र डोक्यावर तशीच. पुढच्या वर्षीही तीच गत झाली.

मग मध्यस्थ नकोच, असे म्हणावे काय? माझे मत तसे नाही. आमच्यासारख्या दूरच्या भागात फड आणायचा तर शेजारशेजारच्या दोन-तीन गावांच्या लागून तारखा जुळवाव्या लागतात, आणि हे काम जाणता मध्यस्थच उत्तम करू शकतो. त्याला फडांची माहिती असते, रस्त्यांची माहिती असते, आणि त्याची दलाली ही या श्रमाची मजुरी होय. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला झाडीपट्टीत पाहा. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथे नाटक मंडळ्या हंगामात आपली कार्यालयेच उघडतात. गावची मंडळे तेथे जाऊन समोरासमोर नाटक ठरवतात व दिवाळीनंतर गावोगाव रात्रीचे प्रयोग रंगतात. जेथे अशी पेठ जवळ आहे तेथे मध्यस्थाची गरज कमी. आपल्याला ती पेठ लांब, म्हणून गरज अधिक.

प्रश्न एवढाच की हा मध्यस्थ कोणाचा माणूस आहे? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दहावे प्रकरण याच विषयाचे आहे. तो आपला अभिकर्ता असेल तर त्याने आपल्या सूचनेप्रमाणे वागले पाहिजे आणि मागितल्यावर हिशेब दिला पाहिजे. तो फडाचा अधिकृत अभिकर्ता असेल तर त्याने दिलेला शब्द फडावर बंधनकारक होतो. आमचे गृहस्थ दोघांचेही नव्हते. ते परस्पर तारखांचा व्यापार करीत होते. हा एक प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारला असता तर काकांचा कापूस वाचला असता.

याच कायद्याचे ५६ वे कलमही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कोणाचाही दोष नसताना ठरलेली गोष्ट करणे अशक्य झाले तर करार संपुष्टात येतो, आणि ६५ व्या कलमान्वये घेतलेला लाभ परत करावा लागतो. इंग्लंडात १८६१ साली गायनाच्या कार्यक्रमांसाठी भाड्याने ठरविलेले एक सभागृह आधीच आगीत भस्म झाले. १८६३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की असा प्रसंग आल्यास दोन्ही पक्ष मोकळे. पाऊस, साथ, संचारबंदी यांपैकी काही उद्भवल्यास इसाराचे काय करायचे, हे आधीच लिहून ठेवलेले बरे. ऐन वेळी माणसांना कलमे आठवत नाहीत, फक्त राग आठवतो.

तात्पर्य, यात्रा असो की आपल्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, मध्यस्थामार्फत कार्यक्रम ठरविताना चार गोष्टी कराव्यात. त्याच्याकडे फडाचे किंवा संचाचे अधिकारपत्र पाहावे. त्याच्यादेखत मुख्य माणसाशी स्वतः बोलावे व तारीख पक्की असल्याचे त्याच्याकडून लेखी घ्यावे. इसार शक्यतो फडाच्या खात्यात भरावा, दलाली वेगळी व उघड द्यावी. आणि कागदावर वेळ, कलावंतांची संख्या, मंचाचे माप, वीज, जेवण, मुक्काम व कार्यक्रम रद्द झाल्यास परतावा या बाबी नोंदवाव्यात. पोलिसांची परवानगी काढणे हे आपले काम. ते फडावर ढकलू नये.

आम्ही तसेच केले. पौर्णिमेची तारीख मिळाली नाही, म्हणून दुसऱ्या दिवसाची, १३ एप्रिलची घेतली. शेजारच्या दोन गावांना १५ व १६ दिली. मधल्या १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती. त्या दिवशी फड आमच्याच गावी मुक्कामाला राहिला आणि कलावंत मिरवणुकीत सामील झाले.

नारायणगावच्या राहुटीत इसार देताना काकांनी खिशातून नारळ आणि खरीखुरी सुपारी काढून टेबलावर ठेवली होती. व्यवस्थापकाने ती कपाळाला लावली आणि डायरी उघडली. मी जरा वाकून पाहिले. या खेपेस आमच्या गावाचे नाव शाईने लिहिले जात होते.