ग्रामजीवनाच्या कल्पना आणि सार्वजनिक आरोग्य

खेडे कसे असते आणि कसे असावे, याविषयीच्या कल्पनांचा भारतातील सार्वजनिक आरोग्याच्या धोरणांवर मोठा प्रभाव पडला आहे. मोकळ्या हवेमुळे व साध्या राहणीमुळे खेडे मुळातच निरोगी असते, ही एक कल्पना होय. अस्वच्छता व अज्ञान यांमुळे ते रोगराईचे घर असते, ही दुसरी. खानदेशाच्या इतिहासात या दोन्ही कल्पनांचा संबंध येतो.

फैजपूर अधिवेशन

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये भुसावळजवळच्या फैजपूर येथे, तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यात भरले. जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते. काँग्रेसचे कार्य खेड्यांकडे वळावे, असा महात्मा गांधींचा आग्रह होता. गांधींनी खेड्याला आदर्श मानले. तथापि प्रत्यक्ष खेड्यांतील घाणीवर कठोर टीकाही केली. मैला मातीने झाकून त्याचे खत करावे, पिण्याच्या पाण्याचे साठे स्वच्छ राखावेत आणि हातसडीचा तांदूळ व पालेभाज्या आहारात असाव्यात, असे ते सांगत. ग्रामसफाई हा त्यांच्या रचनात्मक कार्यक्रमाचा भाग होता.

आदर्श खेड्याच्या कल्पनेवरील टीका

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणास विरोध केला. आरोग्याच्या दृष्टीने हा आक्षेप महत्त्वाचा आहे. पाणवठे जातीनुसार विभागलेले आणि सफाईचे काम ठरावीक जातींवर लादलेले असताना गावाचे आरोग्य सर्वांसाठी सारखे असू शकत नाही. महाड येथील चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७) सार्वजनिक पाण्यावरील समान हक्कासाठीच होता.

स्वातंत्र्योत्तर काळ

भोर समितीने १९४६ मध्ये ग्रामीण भागासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस केली. पुढे २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात गावांमध्ये स्पर्धा घेऊन लोकसहभाग व श्रमदान यांवर भर देण्यात आला.

खेडे आणि शहर

आरोग्याचा प्रश्न केवळ खेड्यांचा नाही, हे भुसावळच्या उदाहरणावरून दिसते. रेल्वेमुळे वाढलेले हे शहर २०१७ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ४३४ शहरांपैकी ४३३ व्या क्रमांकावर होते. वस्ती ग्रामीण असो वा नागरी, तेथील आरोग्य शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, कचऱ्याची विल्हेवाट आणि या सुविधांवरील सर्वांचा समान हक्क यांवर अवलंबून असते.